मोह राहीन का?

फागुन सरत आला की आमच्या घराच्या मागच्या दारातून एक वास आत येतो. गोड, जड, थोडा आंबूस. कोणी गूळ चुलीवर ठेवून विसरून गेल्यासारखा. बाहेरच्या माणसाला तो आधी बरा वाटतो, मग त्याचं डोकं धरतं. आमचं उलटं. मोहाच्या फुलांचा हा वास आला नाही तर डोकं धरतं. यंदा एका पहाटे दार उघडलं तर वास दारात उभाच होता. मी सवयीनं आत तोंड करून बोललो, "अवं, मोह पडून राहिला." चूल थंड होती. मांजर तेवढं उठून बसलं.

सुमन माझी बायको. भादव्यात गेली. ताप आला, उतरला, परत आला आणि तिला घेऊन गेला. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

आमची एकच पोरगी, रंजू. पुण्याला असते, नवरा तिकडचाच. तेरवी झाल्यापासून तिचं एकच चाललंय, बाबा, इकडं या. दिवाळीत म्हणालो, धान निघू दे. धान निघालं. संक्रांतीत म्हणालो, थंडी जाऊ दे. थंडी गेली. आता म्हणालो, मोह होऊ दे, मग सांगतो. फोनवर ती म्हणाली, "बाबा, मोहानंतर बहाणा उरत नाही तुमच्यापाशी. मी न्यायलाच येते." बरोबर बोलली. मोहानंतर आमच्याकडे नुसतं ऊन असतं. उन्हाचा काही बहाणा होत नाही.

नवेगावचं मोठं तळं आमच्या गावापासून सायकलीच्या अंतरावर. जंगल त्याच्याही जवळ. आमच्या धानाच्या बांध्या संपतात तिथं एक बोडी आहे, लहानसं तळं, आणि बोडीच्या पाळीला लागून हा मोह उभा आहे. माझ्या बापाच्या वेळी एवढाच होता. त्याच्या बापाच्या वेळी किती होता ते सांगणारं कोणी नाही. आंबा माणूस लावतो, चिंच लावतो, बायका तुळस लावतात. मोह कोणी लावत नाही. तो असतो. आमच्याकडे कोणी कधी मोह लावल्याचं मी ऐकलं नाही.

फुलं पडायच्या आधी झाडाखालचा पालापाचोळा लोटून एकत्र करायचा आणि पेटवून द्यायचा. जमीन काळी होते. पहाटे त्या काळ्या जमिनीवर फूल पडलं की चांदण्यासारखं उठून दिसतं, मग म्हाताऱ्या डोळ्यांनाही वेचता येतं. सगळा मुलूख असंच करतो. फूल कसं पडतं ते शेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप टप. वारा नसतानाही पडतं. सुमन म्हणायची, झाड खालच्या माणसाला बघून बघून देतं. तिची टोपली माझ्या आधी भरायची म्हणून म्हणायची.

मोह खाणारे आम्ही एकटे नाही. हरणं येतात, रानडुकरं येतात, आणि अस्वल येतं. अस्वलाला मोहाचं वेड असतं आणि त्याला सकाळ आपलीच वाटते. म्हणून वेचायला जाताना डबा वाजवत जायचं. तेलाचा रिकामा डबा आणि काठी. वर्षानुवर्षं सुमन पुढे डबा वाजवत आणि मी मागे टोपल्या घेऊन, अशी आमची वरात निघायची.

मागच्या मोहात त्या डब्याची जागा फोननं घेतली.

रंजूनं तिचा जुना फोन आम्हाला दिला होता. त्यात इंटरनेट बघायचं जे असतं, ब्राउझर, ते तिनं नवीन करून दिलं होतं. मी सातवी शिकलेला. वाचता येतं, पण अक्षरावर बोट ठेवून. सुमनला तेवढंही येत नव्हतं. तर या नवीन ब्राउझरमध्ये एक कळ आहे. पान उघडायचं, कळ दाबायची, की आतून एक बाई ते पान वाचून दाखवते. बाई बदलता येते, बुवा ठेवता येतो, भरभर किंवा हळू करता येतं. पान इंग्रजी असलं तर दुसरी एक कळ आहे, ती दाबली की जागच्या जागी मराठी होतं. म्हणजे कुठल्या तरी गोऱ्या माणसानं कुठं तरी काही लिहिलं आणि आमच्या ओसरीवर ते मराठीत ऐकू आलं. मी दिवसभर तेच करत बसलो. लहान पोराला पिपाणी मिळाल्यासारखं.

सुमनला आधी ते आवडलं नाही.

"ही कोन बया हो? सकाळधरनं तुमच्यासंग बोलून राहिली."

"मशीन हाये ते."

"मशीनले येवढा गोड आवाज कायले पाहिजे?"

"तं बुवाचा लावू का?"

"राहू द्या. बुवा आनखी कायले घरात? एक हाये तेवढा पुरे." मग थोडं ऐकून, "थोडी हळू बोल म्हना तिले. रेल्वे चुकून राहिली का तिची?"

मी बाईला हळू केलं. इतकं हळू की ती पोथी वाचते असं वाटायला लागलं. तेव्हापासून सुमनची आणि तिची गट्टी जमली. मी मध्ये कधी स्वतः वाचायला लागलो की सुमन म्हणायची, "तुमी नका वाचू. तुमी अडकता. तिले वाचू द्या." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर वाचण्याच्या कामावरून मला काढून टाकलं.

रानात जाताना मी बाईचा आवाज पूर्ण मोठा करायचो. पान कुठलंही चालायचं, अस्वलाला काय. पण एका सकाळी जे पान हाताला लागलं ते पृथ्वीचं होतं. पुढे पृथ्वीचं काय होणार, असं काहीसं नाव. अंधार पुरता फिटला नव्हता, बोडीवर वाफ होती, आणि बाई मोठ्या आवाजात शांतपणे सांगत होती की बर्फ वितळेल, समुद्र चढेल, ऊन वाढेल, पाऊस आपली वेळ पाळणार नाही. पलीकडच्या झुडपात खसखस झाली आणि काही तरी काळं, जाडं, जंगलाकडे पळालं.

सुमन म्हणाली, "पाहा. अस्वलालेबी पटलं."

मग वेचता वेचता तिनं ते पान सगळं ऐकलं. मी नुसता वेचत होतो, ती ऐकत होती. समुद्र चढीन म्हणते, कुठं चढीन? मी म्हणालो, मुंबईकडं. मग मुंबईवाले कुठं जातीन? मी म्हणालो, एखादवेळेस इकडं येतीन.

"येऊ द्या. जागा हाये. पन मोह वेचाले लावीन मी त्याइले. बसून भाकर नाही भेटनार."

मग तिचं तिनंच ठरवलं की मोठ्या घरच्या बायका वेचायला कशा वाकतील, त्यांच्या कंबरा कशा धरतील, त्यांना झोपायला कोणती खोली द्यायची. माझ्या डोक्यात पृथ्वीचं भविष्य असं कधी आलंच नव्हतं. भविष्य म्हणजे ज्योतिष्यानं सांगायचं किंवा सरकारनं. सुमनच्या डोक्यात ते पाहुणे आल्यासारखं आलं. कुठं बसवायचं, काय वाढायचं.

टोपल्या भरल्या, आम्ही पाळीवर बसलो. तेव्हा तिला वाटलं की बाईला काही विचारावं. बोलून विचारायचीही सोय आहे त्यात, एक लहानसं चित्र दाबायचं. मी दाबून फोन तिच्यापुढे धरला. फोन कानाला लावतात तसा तिनं तो तोंडाला लावला आणि ओरडून विचारलं:

"शंभर वर्सानं मोह राहीन का?"

फोननं घडीभर विचार केला. मग खाली पानांची रांग लागली. मी पहिलं उघडलं, बाई वाचायला लागली. मोह हे सर्व दुःखाचं मूळ आहे. मोहाचा त्याग करा. जो मोहात गुंतला तो बुडाला.

सुमन बघतच राहिली. "त्याग करा म्हंते? बाप्पा! वेचाले नको म्हंते का काय? इचं काय जाते वं?"

"तो मोह येगळा. मायेचा मोह."

"माया येगळी अन मोह येगळा, इतकं तं मलेबी समजते. तिले काऊन समजत नाही?"

मी मागे जाऊन पाहिलं. सगळ्यात वर, आता नवीन आलं आहे तसं, फोननं स्वतःच्या मनानं एक उत्तर दिलं होतं. बाईनं तेही वाचलं. तुम्ही शंभर वर्षे राहाल की नाही हे निश्चित सांगता येत नाही. योग्य आहार घ्या, हलका व्यायाम करा.

सुमन हसून हसून पाळीवरून खाली काळ्या जमिनीवर घसरली. पातळ काळं झालं. "मी माह्याबद्दल नाही इचारलं वं माय! झाडाबद्दल इचारलं!" डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली, आणि पदरानं पुसलं तर तोंडही काळं झालं.

घरी येऊन रंजूला फोन लावला. रंजूही हसली, मग तिनं समजावून सांगितलं. "माय, पुस्तकातल्या मराठीत झाड राहील असते. राहीन म्हणजे फक्त मी. तू राहीन म्हटलं तं त्याले वाटलं, तू सोतासाठी इचारून राहिली."

"झाडाले येगळं अन मले येगळं? कायले?"

"तसंच असते, माय."

सुमनला ते पटलं नाही. मलाही अजून पटलं नाही. आमच्या बोलण्यात मी राहीन, मोह राहीन, बोडी राहीन. सगळ्यांचं पुढचं एकाच शब्दात. पुस्तकातल्या मराठीत राहीन म्हणणारा एकटाच असतो. तेव्हा मी याच्यावर एवढा विचार केला नव्हता. आता वेळ खूप आहे.

दुसऱ्या सकाळी रंजूनं शिकवलं तसं नीट विचारलं. मोहाचं झाड, राहील का, असं. इंग्रजीतलं एक पान आलं. मी मराठीची कळ दाबली. त्या कळीला मोह माहीत नाही. इंग्रजीत त्याला बटर ट्री म्हणतात म्हणे; तिनं त्याचं लोण्याचं झाड केलं. सुमन म्हणाली, लोनी कुठं हाये त्याले? मी म्हणालो, ऐक तं खरी. बाई वाचत होती. लोण्याची जुनी झाडे उभी आहेत, परंतु त्यांच्या खाली लहान झाडे आढळत नाहीत. फुले गोळा करण्यासाठी लोक जमिनीला आग लावतात, त्यात रोपे जळतात. बिया गोळा केल्या जातात. उरलेले शेळ्या खातात. जुनी झाडे पडतील तेव्हा त्यांच्या जागी कोणी नसेल.

बाईचा आवाज जसा असतो तसाच होता, गोड. सुमनचा हात टोपलीत होता तो तिथंच राहिला. तिनं खाली बघितलं. आम्हीच जाळलेली काळी जमीन, झाडाच्या सावलीएवढी गोल.

"आपून दरसाली या झाडाचे लेकरं जाळतो का हो?"

"लेकरं कायचे? गवत जळते."

पुढे जेठात टोरी पडली. टोरी म्हणजे मोहाची बी, तिचं तेल काढतात. सगळी वेचली, पण ओटीभर टोरी तिनं बोडीच्या बाजूला ओल्या मातीत टाकली, वर पाला टाकला, आणि बोराटीचे काटे तोडून भोवती गोल कुंपण केलं. दुपारचं ऊन, तिच्या हातातून रक्त निघत होतं. मी म्हणालो, "मोह कोनी लावते का? लोक हसतीन."

"हसू द्या."

"अन तो मोठा व्हईन कवा? तू राहशीन का पाहाले?"

"मी कायले? तो राहीन."

नंतर आखाड लागला. रोवणी आली, आम्ही चिखलात गेलो. काट्यांकडे कोणी पाहिलं नाही. आणि मग भादवा.

या वर्षी मी एकटाच वेचतोय. डबा नेतो, फोनही नेतो. बाई बोलते, मी वेचतो. लोक म्हणतात, म्हातारा फोनला लागला. लागला तर लागला. घरात कोणाचा तरी आवाज पाहिजे. भिंतीवरचं घड्याळ बोलतं, पण ते एकच बोलतं. फोनमधल्या बाईला मी कधी पाऊस विचारतो, कधी दूरच्या देशातली धानाची शेती दाखव म्हणतो. तिथले लोक आमच्यासारखेच चिखलात वाकलेले असतात, फक्त टोप्या वेगळ्या. बर्फावर राहणारे लोक पाहिले. पाण्यावर घरं बांधून राहणारे पाहिले. दोन बोटांनी चित्र मोठं करून मी त्यांच्या चुली शोधतो. चूल दिसली की बरं वाटतं. कोणी तरी कोणाला तरी वाढणार आहे.

मागच्या मोहातलं ते लोण्याच्या झाडाचं पान मी बंद केलेलं नाही. ब्राउझरमध्ये उघडलेली पानं एकामागे एक राहतात, टॅब म्हणतात त्याला. पण हा नवीन आलेला ब्राउझर फार टापटिपीचा आहे. ज्या पानाकडे बरेच दिवस कोणी बघितलं नाही ते तो आपल्या मनानं बाजूला टाकतो आणि नंतर विचारतो, हे लागत नाही ना, बंद करू? म्हणून मी रोज सकाळी ते पान एकदा उघडतो. वाचत नाही. उघडतो, बोट लावतो, ठेवून देतो. देवाला फूल वाहून माणूस कामाला लागतो तसं.

आणखी एक सोय यंदा आली आहे. लांब पान असलं की थोडक्यात सांगा म्हणायचं. पृथ्वीचं ते मोठं पान मी त्याला थोडक्यात करायला लावलं. उष्णता वाढेल. पाणी कमी पडेल. उपाय आहेत. एवढंच. सुमननं ज्या पानावर मुंबईच्या बायकांना मोह वेचायला लावलं होतं, ते एवढंसं झालं. चूक त्याची नाही. मीही वर तेच केलं आहे. ताप आला, उतरला, परत आला. थोडक्यात करायला गेलं की माणूस कुठंच राहत नाही, तारखा राहतात.

शंभर वर्षांनी काय असेल, ते मी पाळीवर बसून बघायचा प्रयत्न करतो. नवेगावच्या तळ्याचं तळ उघडं पडलेलं दिसतं, चिखलाला भेगा. दुसऱ्या दिवशी बसलो तर तेच तळं फुगून आमच्या अंगणापर्यंत आलेलं दिसतं. माझ्या मनाचा काही भरवसा नाही, जसा दिवस गेला तसं ते दाखवतं. कधी वाटतं, तेव्हाची माणसं घरातून बाहेरच निघणार नाहीत, गार खोलीत बसतील, आणि त्यांच्या ब्राउझरमध्ये वासाचीही कळ असेल. मोहाचा वास पाहिजे? दाबा. मग कोणी म्हातारा दाबेल आणि आत तोंड करून बोलेल, अवं, मोह पडून राहिला. त्याची चूलही थंडच असेल. चूलच नसेल. एवढं पुढे गेलो की मी उठतो. यंदा चैत लागायच्या आधीच पाऊस झाला, वाळायला घातलेला मोह अर्धा काळा पडला. हे तर आजचं आहे, त्याला शंभर वर्षं लागली नाहीत.

पुण्याचंही बघतो, खोटं का बोलू. रंजूच्या घरी माझ्यासाठी खोली आहे. जावई चांगला आहे, बाबा बाबा करतो. वेळेवर जेवण, औषध, समोर माणूस. इथं संध्याकाळी भात एकट्यासाठी मांडतो तर सवयीनं जास्तच होतो, सकाळी मांजर आणि मी शिळा खातो. मले एकट्याले गमत नाही, करमत नाही. हे मी कोणाला बोललो नाही, इथं लिहून ठेवतो. एकटं राहण्यात काही मोठेपणा नाही. घरात घास अडकला तर पाठीवर थाप मारायला कोणी पाहिजे, एवढी साधी गोष्ट आहे.

रंजू मोह संपायच्या आधीच आली. बहाण्याला जागा ठेवायची नव्हती तिला. सकाळी माझ्याबरोबर निघाली, पायात बूट, डोक्याला मायचा जुना रुमाल. वाटेत डबा तिनं घेतला आणि माझ्याआधी वाजवायला लागली. तिचा हात थेट मायसारखा पडतो, दोन वाजवून एक सोडायचा. मी बाईचा आवाज बंद केला.

झाडाखाली आली आणि थांबली. "बाबा, हे अर्धंच काऊन जाळलं?"

यंदा मी बोडीच्या बाजूला आग लावली नव्हती. तिकडचा पाला खराट्यानं लोटून दुसरीकडे नेऊन पेटवला होता. त्यामुळे अर्धी जमीन काळी आणि अर्धी मातीची. त्या बाजूचं फूल नीट दिसत नाही, हातानं चाचपावं लागतं.

"तिकडं तुझ्या मायचे काटे हायेत."

काट्याची गोष्ट तिला माहीत होती, मायनं फोनवर सांगितली होती. "उगवलं का काही?"

"पाहिलं नाही."

"पाहिलं नाही? रोज येता अन पाहिलं नाही?"

काटे एका बाजूनं दबलेले होते. शेळ्या आत गेल्या असतील असं मला वाटत होतं, आणि तसं असलं तर ते बघायची माझी इच्छा नव्हती. मी वेचायला वाकलो. तिनं काठीनं काटे बाजूला केले आणि उकिडवी बसली. बराच वेळ उठली नाही.

"बाबा, इकडं या."

करंगळीएवढी एक काडी होती. टीचभरही नसेल. वर चार-दोन पानं, कोवळी, तांबूस, एक किड्यानं अर्धं खाल्लेलं. बाकी टोरीचं काय झालं कोणास ठाऊक. ओटीभर टाकली होती, त्यातली एक.

रंजूनं माझा फोन घेतला. आता फोटो काढूनही विचारता येतं, हे काय आहे म्हणून. तिनं काडीचा फोटो काढला. फोनवर एक चकती गोल गोल फिरली आणि मग उत्तर आलं. तिनं वाचलं आणि तोंडावर हात ठेवला.

"काय म्हंते?"

"चिकूचं रोप असू शकते, म्हंते."

"चिकू!" मी एवढ्या जोरानं हसलो की बोडीवरचे बगळे उडाले. भादव्यापासून माझं तोंड असं उघडलं नव्हतं. "लोनी झालं, चिकू झालं. मोह म्हनाले याची जीभ वळत नाही का वं?" रंजूही हसत होती, आणि हसता हसता तिचं रडणं कधी सुरू झालं ते मला कळलं नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मायच्या रुमालाला अजून मोहाचा वास होता. आम्ही तसेच बसलो. मागे टप टप चालू होतं, कोणी वेचत नव्हतं.

मग तिनं नाक पुसलं आणि कामाच्या आवाजात विचारलं, "उन्हाळ्यात याले पानी लागन?"

"लागन. पयले दोन-तीन उन्हाळे लागन."

"शेळ्या?"

"राखा लागन. अन आगीचंबी पाहा लागन. पलीकडचे लोक पेटवतात तं वाऱ्यानं इकडं येते."

ती काडीकडे बघत राहिली. तिला जे विचारायचं होतं ते मला कळत होतं आणि मी काय सांगणार ते तिलाही कळलं होतं. रात्रीच तिनं माझ्या कपड्यांची पेटी काढून पुसून ठेवली होती.

"राहीन का, बाबा?" तिनं विचारलं.

"राहीन."

"कोन?"

मी दबलेले काटे परत उभे करत होतो. एक बोटात गेला.

"याले पानी तुमी घालसान," रंजू म्हणाली. "अन तुमाले कोन देईन?"

मी बोट तोंडात धरून बसलो होतो. ती उठली. मला वाटलं, रागानं घराकडे निघाली. पण तिनं वाजवायचा डबा उचलला, बूट काढून पाळीवर ठेवले, आणि पाणी आणायला बोडीत उतरली.